बारा दोऱ्या आणि माझी साफसफाई

ज्या फाईलवर मी दोन वर्षं डोकं आपटलं तिची ओळख आधी करून देतो. नाहीतर पुढचं वाचून लोक म्हणतील, ह्याला कोणी सांगितलं होतं नसती उठाठेव करायला. कोणीच सांगितलं नव्हतं, हे खरंच आहे.

चित्रं काढायचं आणि ती हलवायचं एक सॉफ्टवेअर आहे. ते फुकट मिळतं आणि त्याचा कोड उघडा असतो. म्हणजे जगातला कोणीही तो वाचू शकतो, दुरुस्त करू शकतो आणि बिघडवूही शकतो. दिवसा मी आंधळगावच्या घरी बसून नागपूरच्या एका कंपनीचं काम करतो आणि उरलेल्या वेळात ह्या सॉफ्टवेअरचं. त्यातला कीफ्रेमचा भाग माझ्याकडे आहे. पडद्यावरचा चेंडू पहिल्या क्षणी इथे आणि पन्नासाव्या क्षणी तिथे, एवढंच आपण सांगायचं, मधला प्रवास सॉफ्टवेअर भरून काढतं. आपण सांगितलेल्या त्या जागा म्हणजे कीफ्रेम. पडद्याच्या तळाशी एक पट्टा असतो, त्यावर त्या शंकरपाळ्यांसारख्या ओळीने दिसतात.

बाबांना हे समजावून सांगायचा प्रयत्न मी एकदाच केला. त्यांनी विचारलं, याचा मालक कोण. मी म्हटलं, कोणी नाही. मग काम बरोबर झालं की नाही हे कोण पाहतं? मी म्हटलं, आम्हीच एकमेकांचं पाहतो. बाबांनी पन्नास वर्षं हातमागावर कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, लुगडी विणली आहेत आणि त्यांचं प्रत्येक लुगडं कोणी ना कोणी उजेडात धरून तपासलेलं आहे. त्यांनी तंबाखूची डबी उघडली आणि विषय संपवला.

तर ती फाईल. सात हजार ओळींची एकच फाईल, पंधरा वर्षांत येईल त्याने आपापली भर घातलेली. एकाच कामाला चार फंक्शनं, चौघांची नावं वेगळी आणि चौघांचं उत्तर जरा जरा वेगळं. एक कीफ्रेम सरकवली की तीन ठिकाणी हिशेब व्हायचा आणि त्यातला एक नक्की चुकायचा. बाहेरून काही न बदलता आतली मांडणी नीट करायची, ह्याला आमच्यात रिफॅक्टरिंग म्हणतात. हे काम कोणालाच नको असतं, कारण नीट झालं तर कोणाला दिसत नाही आणि चुकलं तर सगळ्यांना दिसतं. मी ते अंगावर घेतलं आणि त्या दिवसापासून माझी झोप, भूक आणि स्वभाव तिन्ही बिघडली.

केलेला बदल दाखवायला ठेवला की इतर लोक तपासणार. एकाला फंक्शनचं नाव लांब वाटलं. मी छोटं केलं, तर दुसऱ्याला ते मोघम वाटलं. तिसरा महिन्यातून एकदा उगवायचा आणि मुळात हे बदलायचंच कशाला, असं विचारून पुन्हा महिनाभर गडप व्हायचा. एका नावावर आम्ही सहा आठवडे घातले. तेवढ्यात आमच्या इथल्या बांध्यांमधला, म्हणजे भातखाचरांमधला, धान रोवून झाला आणि बहुतेक पोटरीलाही आला असेल, मला बाहेर बघायला वेळ नव्हता.

त्या फाईलमध्ये जुन्या कोणाची तरी एक टीप होती. एका ओळीच्या डोक्यावर फक्त एवढंच लिहिलेलं, की हे असंच असू द्या. का, ते नाही. असल्या टिपांचा मला मनापासून राग येतो. तुला कारण माहीत होतं ना, मग लिहायला काय झालं होतं? खालचा कोड काय करत होता, तर न हलणाऱ्या कीफ्रेम जपत होता. म्हणजे समजा एखादी वस्तू सलग सात कीफ्रेमना एकाच जागी आहे. पहिली आणि सातवी ठेवली की पुरे, मधल्या पाच असल्या काय आणि नसल्या काय, चित्र तसंच दिसणार. तरी जुना कोड त्या पाच उराशी धरून बसला होता. मी टीप काढली, ती ओळ काढली, आणि जुनी फाईल नव्या मांडणीत येताना असल्या कीफ्रेम आपोआप गळून पडतील अशी सोय केली. त्या दिवशी जेवताना मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

आता ताई. ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, लग्न केलं नाही, घराच्या पुढच्या खोलीत तिचं लग्नपत्रिका आणि फ्लेक्सचं दुकान आहे. गावातल्या प्रत्येक वाढदिवसाच्या भावी नेत्याचा फोटो तिनेच कापून चिकटवलेला असतो. मोबाईलवर पाठवायच्या हलत्या पत्रिका निघाल्या तेव्हा तिने माझ्याकडून हे सॉफ्टवेअर शिकून घेतलं. शिकवताना माझ्या नाकी नऊ आले. नवरदेवाचा हात हाराऐवजी स्वतःच्याच गळ्यात जायचा, आणि ती मला दुकानातून हाक मारायची, की तुझं सॉफ्टवेअर येड्यावानी करून राहिलं. चूक नेहमी तिची असायची आणि सॉफ्टवेअर नेहमी माझं.

पण पत्रिका हा तिचा निव्वळ सराव होता, हे मला बरंच नंतर कळलं. तिला बाबांचा काठ उतरवून घ्यायचा होता.

आमच्या घरचा एक काठ आहे. माझ्या आजोबांच्या वडलांपासूनचा म्हणतात. काठाच्या उभ्या धाग्यांना वर बारा दोऱ्या बांधलेल्या असतात. धोटा एकदा इकडून तिकडे गेला की एक फेक झाली. प्रत्येक फेकीला त्या बारांतल्या कोणत्या दोऱ्या उचलायच्या आणि कोणत्या बसू द्यायच्या, हे बाबांच्या डोक्यात होतं. डोक्यात तरी कुठे, हातापायांत होतं. एक पूर्ण वेल दीड हाताची व्हायची आणि मग पुन्हा पहिल्यापासून. हे कधी कागदावर आलं नाही. विणलेली लुगडी व्यापाऱ्याकडे गेली, तिथून कुठल्या कुठे. आईकडे एक होतं, ते तिच्यासोबत गेलं. लग्नाच्या फोटोंमध्ये काठ दिसतो, पण निऱ्यांमध्ये दुमडलेला.

तीन वर्षांपूर्वी बाबांचे हात थरथरायला लागले आणि माग थांबला. ताईने तेव्हा, तिच्या म्हणण्याप्रमाणे, सरळ विचारलं होतं, की मला शिकवा. बाबा म्हणाले होते, कांड्या भर. आमच्या घरातल्या बायकांनी आयुष्यभर धोट्यात घालायच्या कांड्या सुताने भरल्या, सूत उकललं, खळ लावली. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून मात्र कोणी बसली नाही. आईही नाही. बाबा वाईट बोलले नाहीत, रागावलेही नाहीत. जसं कोणी म्हणावं की पाणी भर, तसं ते म्हणाले.

मग ताईने डोकं चालवलं. ती बाबांना म्हणाली, तुमच्या पोराच्या कम्प्युटरमध्ये काठाची फिल्म बनवायची आहे, तुम्ही फक्त सांगा. मुलीला शिकवायचं नव्हतं, कम्प्युटरला सांगायला त्यांची हरकत नव्हती. मला हे कळलं तेव्हा मी कपाळाला हात लावला. दोघांच्याही नावाने.

रोज दुपारी अर्धा तास हा कार्यक्रम चालायचा. बाबा रिकाम्या मागावर बसायचे, पाय खड्ड्यातल्या पावड्यांच्या फळ्यांवर. माग थांबला तेव्हाचा उभ्या धाग्यांचा ताणा तसाच होता, धोटा नव्हता. पावडी दाबायची, हवेतच दोरी ओढल्यासारखं करायचं आणि बोलायचं. पहिली उचल, दुसरी उचल, बाकी बसल्या. ताई बाजूला स्टुलावर लॅपटॉप घेऊन. आणि ह्यात एक वैताग असा होता की बाबांना मधूनच सुरुवात करता यायची नाही. काल दुसऱ्या फुलापर्यंत आलो, आज तिथून पुढे, असं नाही. रोज पहिल्या फेकीपासून. खोकला आला, दारात कोणी आलं, लाईट गेली, की पुन्हा पहिल्यापासून. वेलीची सुरुवात ताईने शेकडो वेळा ऐकली असेल. शेवट तिने एकदाच, फार तर दोनदा ऐकला. ह्या सगळ्याला दीड वर्ष लागलं.

ती कीफ्रेम टाकायची ते बघून माझा जीव वर-खाली व्हायचा. प्रत्येक फेकीला बाराच्या बारा दोऱ्यांवर कीफ्रेम. हललेल्यांवरही आणि न हललेल्यांवरही. दोन फुलांच्या मधल्या मोकळ्या जागेत तर बाबा नुसतं म्हणायचे, बाराही बसल्या. पुन्हा पावडी, बाराही बसल्या. पुन्हा, बाराही बसल्या. आणि ही बाई प्रत्येक वेळी बारा कीफ्रेम टाकायची. मी तिला सांगितलं की दोरी हलली नाही तर कीफ्रेम टाकायची गरज नसते, फाईल उगाच जड होते. ती म्हणाली, बाबा बोलले ते टाकते. मी म्हटलं, निदान सारख्या अंतरावर तरी टाक. तेही नाही. कठीण जागी पाहणाऱ्याला नीट दिसावं म्हणून ती लांब लांब टाकायची, सोप्या जागी जवळ जवळ. धोटा हलवायचं शेवटासाठी ठेवलं होतं. मी हात टेकले.

दुसरा वैताग म्हणजे तिच्या फाईली. काठ, काठ नवीन, काठ नवीन खरा, काठ सोमवार, काठ फायनल, काठ फायनल बाबा. दिवाळीच्या आधी तिचा लॅपटॉप इतका भरला की पत्रिकाही उघडेनात. मी बसलो आणि एक सोडून सगळ्या पुसल्या. वर तिला भाषणही दिलं, की फाईल एकच ठेवावी आणि नीट ठेवावी. तिने ऐकून घेतलं. धाकट्या भावाचं ती एरवी ऐकत नाही, नेमकं तेव्हा ऐकलं.

संक्रांतीच्या सुमारास माझं काम मंजूर झालं आणि नव्या, अजून कच्च्या आवृत्तीत गेलं. मला खऱ्या माणसांच्या खऱ्या फाईलींवर ते चालवून बघायचं होतं. आणि घरात जगातली सगळ्यात विचित्र फाईल होती. मी ताईच्या लॅपटॉपवर कच्ची आवृत्ती टाकली. तिने विचारलं, काही होणार तर नाही ना. मी म्हटलं, काही होत नाही. फाईल उघडली, भरकन उघडली, पूर्वी मिनिटभर घ्यायची. चित्र तसंच हलत होतं. मी खूश, ती खूश. तिला दर दोन मिनिटांनी सेव्ह करायची सवय आहे, कारण आमच्याकडे लाईट केव्हा जाईल ह्याचा नेम नाही लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली आणि इन्व्हर्टर फक्त पंख्यापुरता. सॉफ्टवेअर आधीची एक प्रत आपोआप राखून ठेवतं. एकच. तिने दोनदा सेव्ह केलं आणि तीही गेली.

आम्हाला महिनाभर काही कळलं नाही. ह्या काळात परदेशातल्या कोणा अनोळखी माणसाची तक्रार आली, की कच्च्या आवृत्तीत त्याच्या स्थिर कीफ्रेम नाहीशा होत आहेत आणि त्या त्याला हव्या आहेत, तो त्यांचा खुणेसारखा उपयोग करतो. मी त्याला दोन ओळींत उत्तर दिलं. ज्या कीफ्रेमने चित्रात काही फरक पडत नाही तो कचरा आहे, आणि हा दोष नाही. तक्रार बंद केली. मला वाटतं मी त्या दिवशी आधीच कोणावर तरी चिडलेलो होतो, पण ते काही कारण नव्हे.

मग ताईने फिल्म बाबांना दाखवायचं ठरवलं. धोटा टाकायच्या आधी एकदा तपासून घ्यावं म्हणून. पलंगावर लॅपटॉप ठेवला, बाबांनी चष्मा लावला. दोऱ्या वर जात होत्या, खाली येत होत्या, सुंदरच दिसत होतं. बाबा बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत होते. पहिलं फूल झालं, मधली मोकळी जागा आली आणि त्यांचा अंगठा थांबला.

"इथं किती फेकी बसल्या?" त्यांनी विचारलं.

ताईने पट्ट्यावर पाहिलं. मोकळ्या जागेच्या सुरुवातीला शंकरपाळ्यांची एक उभी रांग, शेवटाला एक, आणि मधे काहीच नाही. धानाचा रोवणा करताना बाई मधेच उठून गेली आणि अर्धी बांधी तशीच राहिली, असं दिसत होतं. तिने पुढची जागा पाहिली, त्याच्या पुढची पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं.

मला समजायला तिच्यापेक्षा कमी वेळ लागला. तरी मी म्हटलं, की बाबा, चित्र तर तेच आहे, दोऱ्या त्याच वेळी उचलतात, त्याच वेळी बसतात. बाबा म्हणाले, "दिसते तसंच. पण यावरून विणून दाखव मले. कितव्या फेकीले उचलशीन?"

मी म्हटलं, फुलं तरी शाबूत आहेत. खरंच होती, फुलात प्रत्येक फेकीला काही ना काही हलतंच. तेव्हा बाबांनी सांगितलं आणि मला हे आयुष्यात पहिल्यांदा कळलं, की आमच्या काठाची फुलं तशी चारचौघांसारखीच आहेत. मोकळ्या फेकी आमच्या. एका फुलानंतर इतक्या, दुसऱ्यानंतर तितक्या, कुठेच सारख्या नाहीत. व्यापारी काठावरून बोट फिरवायचे आणि त्या कमी-जास्त मोकळ्या जागांवरून सांगायचे की हे कोणाच्या घरचं. मी ह्याच घरात वाढलो. चाळीस वर्षं त्या मागाचा आवाज ऐकला आणि मला ते माहीत नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नाही.

  ताईने लॅपटॉप मिटला आणि दुकानात जाऊन एका वाढदिवसाचा फ्लेक्स करायला बसली. मी दोन दिवस तिच्या लॅपटॉपमधून पुसलेल्या फाईली खरवडून काढायचा प्रयत्न केला. एक काठ फायनल सापडली, ती अर्ध्यावर तुटलेली, उघडेचना. मग मी माझाच बदल मागे घ्यायचा प्रस्ताव लिहिला. त्यावर लगेच विचारणा झाली, की काही न करणाऱ्या कीफ्रेम कोणाला लागतात, उदाहरण द्या. मी चिडून चार परिच्छेद लिहिले, पुसले, आणि शेवटी एवढंच लिहिलं की माझ्या वडलांना लागतात. त्या अनोळखी माणसाची बंद केलेली तक्रार उघडली आणि त्याची माफी मागितली. त्याने आभार मानले. तोही बहुधा माझ्यासारखाच चिडका असावा, त्याने त्याहून जास्त काही लिहिलं नाही.

कोड दोन दिवसांत पूर्वीसारखा झाला. काठाचं काय?

बाबांचे गुडघे ह्या वर्षी गेले. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसणं आता त्यांना जमत नाही, बसवलं तर उठवता येत नाही. पलंगावर बसून सांगा म्हटलं, तर सुरुवात करायचे. पाय जमिनीवर हलवत पहिलं फूल काढायचे आणि दुसऱ्यात अडकायचे. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा तिथेच अडकायचे. म्हणायचे, पावडीचा आवाज नाही तर कसं सांगू. मी उत्साहाने जाऊन मोबाईलवर कुठल्या तरी मागाचा आवाज लावला. बाबांनी अशा नजरेने पाहिलं की मी तो बंद केला. पावडी कोणीतरी दाबायला हवी होती. मी बसलो, तर माझे पाय उलटेसुलटे पडायचे आणि बाबांचं डोकं फिरायचं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला काठीने उठवलं.

ताई दारात उभी होती.  मला वाटलं ती मागेल, मग वाटलं मीच म्हणावं, आणि माझी हिंमत झाली नाही. ह्या घरात ती गोष्ट कोणी तोंडाने उच्चारलेली नाही. बाबा आठ दिवस नुसते येरझाऱ्या घालत राहिले, अंगणातून मागापर्यंत आणि मागापासून अंगणापर्यंत. नवव्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी मागाच्या लाकडाला टेकून हात धुतल्यासारखे धोतराला पुसले.

"बस, बाई," ते म्हणाले.

ताई खड्ड्यात पाय सोडून बसली. एवढंच झालं. कोणी नारळ फोडला नाही. बाबा तिच्या मागे उभे राहिले, एक हात मागाच्या खांबावर, आणि लगेच तिच्यावर ओरडायला लागले. टाच नाही, पुढचा पाय. सावकाश. पाय काहून उचलून राहिली? मी स्टुलावर लॅपटॉप घेऊन बसलो. आता कीफ्रेम टाकायचं काम माझं होतं.

मी आयुष्यात इतकं कंटाळवाणं काम केलेलं नाही. पावडी, बाराही बसल्या, बारा कीफ्रेम. पावडी, बाराही बसल्या, बारा कीफ्रेम. मी स्वतःच लिहिलेला कोड होता आणि त्यातलं एक बटण किती अवघड जागी ठेवलंय, हे मला पहिल्यांदा जाणवलं. दीड वर्षात ताई त्याबद्दल चार-पाचदा बोलली होती. मी प्रत्येक वेळी तिला सांगितलं होतं की सवय होईल. करंगळी दुखायला लागते, एवढं सांगतो.

पण ह्या वेळी काम भराभर पुढे गेलं. कारण बाबा अडकले की ताई पुढचं बोलायची. वेलीची सुरुवात तिने इतक्या वेळा ऐकली होती की तिच्या तोंडातून ते आपोआप निघत होतं. तिला बहुधा कळतही नव्हतं की ती बोलते आहे. दुसऱ्या फुलात बाबा थांबले आणि ती म्हणाली, चौथी आणि सातवी. बाबा हूं म्हणाले. तिसऱ्या फुलानंतरच्या मोकळ्या फेकी बाबा पाच म्हणाले, ती सात म्हणाली, आणि दोघांची अशी जुंपली की मला लॅपटॉप बाजूला ठेवावा लागला. बाबा म्हणाले, मले शिकवते का? ती म्हणाली, तुमीच सांगतलं होतं. शेवटी बाबांनी डोळे मिटून तिला पुन्हा पहिल्यापासून पावड्या दाबायला लावल्या, आणि तिथे आल्यावर म्हणाले, सात, सातच, आवाज कमी कर. मला हे सगळं बरं वाटत होतं. वैतागात का होईना, वेल पुढे सरकत होती.

अकरा दिवसांत आम्ही शेवटाजवळ पोचलो. शेवटच्या फुलानंतर एक मोकळी जागा, की मग वेल पुन्हा सुरू होते. हा भाग ताईने एकदाच लिहून घेतला होता, त्याही दिवशी बाबा थकलेले होते असं ती म्हणत होती. फूल झालं. ताईने पावडी दाबली. बाबा म्हणाले, बाराही बसल्या. मी विचारलं, एकूण किती टाकू.

बाबा म्हणाले, "अकरा."

ताई मागे न बघता म्हणाली, "नऊ, बाबा."

मी लॅपटॉप बाजूला ठेवायच्या तयारीत होतो. आता हे खांबावर काठी आपटतील, ती तोंड वर करून बोलेल, पुन्हा पहिल्यापासून सगळं करावं लागेल आणि माझी आजची दुपार गेली. बाबांनी अंगठा पेरांवर फिरवला. एकदा, पुन्हा एकदा. ओठ हलत होते. 

"तू म्हणते तं नऊच टाक," ते म्हणाले, आणि अंगणात जाऊन खाटेवर बसले.

मी नऊ फेकी टाकल्या. बारा गुणिले नऊ, एकशे आठ कीफ्रेम, त्यातली एकही काही हलवत नाही. सेव्ह केलं, दोन ठिकाणी प्रती ठेवल्या. ताई खड्ड्यातून उठली नव्हती. मी तिला म्हटलं, झालं की, उतरला काठ. बरं झालं तुला शेवट आठवत होता.

ती पावडीवरचा पाय तसाच ठेवून बसली होती. म्हणाली, "मले नव्हता आठवत. मले वाटलं, नऊ म्हटलं तं बाबा भांडतीन, अन् डोळे मिटून पक्कं सांगतीन."